मोठीं चाकें आणि डिझेलचा हिशेब

चाकाच्या मोठेपणाचा गुण वऱ्हाडांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. जुन्या बंडीचें लांकडी चाक माणसाच्या छातीला लागे, तें उगाच नव्हे. ज्या खळग्यांत लहान चाक अडकून बसतें, त्यांतून मोठें चाक सहज चढून येतें. मात्र त्यावरची लोखंडी धाव अरुंद. भर पावसाळ्यांत ती काळ्या जमिनींत सुरीसारखी शिरे. पुढें हवा भरलेलें रबरी चाक बंडीस आलें आणि बैलांचे श्रम हलके झाले. आतां कित्येक घरीं बंडीची जागा लहानशा मालमोटारीनें घेतली आहे, आणि तिला आणखी मोठे, खोल नक्षीचे टायर घालावे कीं काय, असा प्रश्न अकोल्याकडे शेती राखून असलेल्या कुटुंबांतही निघतो. टायर बदलल्यावर ‘गाडी डिझेल फार पिऊं लागली’ ही तक्रारही ठरलेलीच. ती कितपत खरी आहे, हें पाहूं.

प्रथम मीटरकडे वळावें. तो रस्ता मोजीत नाहीं, चाकाचे फेरे मोजतो. कारखान्यानें घातलेल्या चाकाचा परीघ त्यानें गृहीत धरलेला असतो. बोलेरो गाडीचा २१५/७५ आर १५ हा परिचित टायर घ्या. पहिला अंक टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ७५. आणि १५ हा आंतल्या धातूच्या चाकाचा इंचांतील व्यास. या मापानें एकंदर व्यास सुमारें ७०४ मिलिमीटर भरतो. त्या जागीं ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरांचें चाक घातलें तर प्रत्येक फेऱ्यास गाडी शेंकडा १२ अधिक अंतर तोडते. मीटर १०० किलोमीटर दाखवीत असतां गाडी ११२ चाललेली असते!

समजा, पूर्वी एका लिटरमध्यें गाडी १३ किलोमीटर जात होती. नव्या चाकांवर मीटरप्रमाणें ४५० किलोमीटर झाले व ४० लिटर डिझेल लागलें. म्हणजे लिटरला सव्वाअकरा. धनी हबकतो. परंतु खरें अंतर ५०४ किलोमीटर, आणि लिटरला पडतात १२.६. पावणेदोन किलोमीटरांचा दिसणारा तोटा वस्तुतः अर्ध्या किलोमीटराहूनही कमी निघाला. हीच गोष्ट वेगाची. कांटा ८० वर असतां गाडी नव्वदीच्या घरांत धांवते, हें घरांतील तरुण चालकांनीं ध्यानांत ठेवावें.

तथापि तोटा अजिबात नाहीं, असें नव्हे. रबर जमिनीला टेकतांना दबतें व सुटतांना फुगतें. या दबण्या-फुगण्यांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. नक्षीचे ठोकळे जितके उंच व मऊ, तितका हा अपव्यय अधिक. अमेरिकेंतील नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ सालच्या अहवालानुसार प्रवासी मोटारींत हा लोळण-विरोध शेंकडा १० नें घटविला, तर इंधनाचा पल्ला शेंकडा १ ते २ नें वाढतो. भर घातल्यास गणित उलट चालतें. जड चाक थांबवून पुन्हा फिरविण्यास जोर लागतो. शहरांतील रहदारींत हा खर्च विशेष जाणवतो. गाडी उंच झाली कीं वाराही अधिक अडतो. मोठ्या चाकानें इंजिन सावकाश फिरतें म्हणून डिझेल वाचेल, असें कोणी सांगतात. रिकाम्या गाडीस, सपाट रस्त्यावर, तें थोडेंफार खरें आहे. कापसाच्या गांठी लादल्यावर चालकास खालचा गिअर टाकावाच लागतो व वाचलेलें पुन्हा जातें.

शेतांत मात्र न्याय निराळा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी होते. तींत चाक रुतलें कीं इंजिनाचा जोर गाडी पुढें नेण्यापेक्षां स्वतःपुढचा चिखल लोटण्यांत व जागच्या जागीं घसरण्यांत खर्ची पडतो. रुंद, मोठें चाक भार पसरतें, कमी रुततें. तेथें तेंच डिझेल वाचवितें.

परंतु वर्षांतून असे दिवस किती? बीं-खत नेण्याची घाई जून-जुलैमध्यें, तेव्हां पांदण चिखलाची असते. कापूस वेंचणीस येतो तो पाऊस सरतांना, आणि पुढें जिनिंगकडे तो वाळलेल्या वाटेनेंच जातो. शेत डांबरी रस्त्यापासून ३ किलोमीटर व बाजार ४० किलोमीटर असेल, तर चाक बहुतेक वेळ डांबरावरच फिरणार. अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला. त्याची गिनेसच्या पुस्तकांत विक्रम म्हणून नोंद झाली. अशा मार्गावर चिखलाचे टायर घेऊन रोज धांवणें म्हणजे पेठेंत गमबूट घालून हिंडणें होय.

माझ्या मतें मूळ मापाचाच, फक्त थोड्या खोल नक्षीचा टायर बहुतेकांस पुरेसा आहे. मोठा हवाच असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेंत कोणतीं मापें मान्य आहेत तें आधीं पाहावें. मोटार वाहन अधिनियम १९८८ चें ५२ वें कलम गाडींतील मनमानी फेरफारास आडकाठी करतें. चिखलासाठीं हवा कमी करण्याची युक्ति चांगली आहे, पण डांबरावर येतांच ती पुन्हा भरली पाहिजे. चारही चाकांचा सरासरी दाब एका पौंडानें उतरला तर पल्ला शेंकडा ०.२ नें घटतो, असें अमेरिकी ऊर्जा खातें सांगतें; दहा पौंडांची हयगय झाली कीं शेंकडा २ गेले. दाब मोजावयाचा तो सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं, चाकें थंड असतांना.