577 धावा आणि संस्थानची नोकरी

मार्च 1947. बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू होता. एका बाजूला इंदूरचे होळकर, दुसऱ्या बाजूला बडोद्याचे गायकवाड. आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात होळकर संघाने बडोद्याला 56 धावांनी हरवले होते, त्यामुळे जुना हिशेब बाकी होता. होळकरांचा पहिला डाव 202 धावांत आटोपला. पण बडोद्याचेही तीन गडी 91 धावांत परतले आणि मैदानात विजय हजारे व गुल महंमद ही जोडी जमली.

पुढचा गडी बाद झाला तेव्हा फलकावर 668 धावा होत्या. 577 धावांची ही भागीदारी 533 मिनिटे चालली, म्हणजे जवळजवळ नऊ तास. मिनिटाला एकाहून जास्त धाव पडत होती, तेव्हा नुसते खेळपट्टीवर उभे राहण्याचा हा प्रकार नव्हता. गुल महंमद पंचवीस वर्षांचे, ठेंगणे, डावखुरे आणि अंगात चपळाई भरलेले. हजारे उजव्या हाताचे, शांत, घाई कशी ती माहीत नसलेले. उजव्या-डाव्या जोडीमुळे प्रत्येक एकेरी धावेनंतर गोलंदाजाला टप्पा नि दिशा नव्याने जुळवावी लागते आणि क्षेत्ररक्षकांना जागा बदलाव्या लागतात. हे जवळजवळ नऊ तास चालले तर समोरच्या संघाचे पाय किती थकत असतील! गुल महंमद 319 आणि हजारे 288. त्याआधीच्या वर्षी वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट यांनी नाबाद 574 धावांची भागीदारी केली होती. तो जागतिक विक्रम तीन धावांनी मागे पडला. बडोद्याच्या 784 धावांना उत्तर देताना होळकर 173 धावांत गारद झाले. विजय एक डाव आणि 409 धावांनी.

क्रिकेटच्या इतिहासात हा सामना या दोघांच्या नावावर जमा आहे आणि ते योग्यच आहे. पण मला या विक्रमामागची व्यवस्था तितकीच महत्त्वाची वाटते. हे खेळाडू आजच्या अर्थाने व्यावसायिक नव्हते, आणि हौशी तर मुळीच नव्हते. ते संस्थानचे नोकर होते. दरबारात किंवा लष्करात हुद्दा, महिन्याचा पगार, राहण्याची सोय, आणि हंगाम आला की संघात जागा. हजारे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या पदरी लष्करी हुद्द्यावर होते. तिकडे होळकरांनी सी. के. नायडूंना 1923 मध्येच इंदूरला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केले होते.

हजारे मूळचे सांगलीचे, शाळामास्तरांचे चिरंजीव. 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून पुण्यात त्यांनी नाबाद 316 धावा काढल्या, त्या बडोद्याविरुद्धच! ज्याने इतके सोलून काढले त्यालाच बडोद्याने आपल्याकडे घेतले, ही त्या दरबाराची गुणग्राहकता. माणसे अशी संस्थानांमधून फिरत असत. आधी बडोद्याकडून खेळलेले सी. एस. नायडू पुढे होळकरांकडे गेले. बडोद्याचे यष्टिरक्षक आणि कर्णधार रावसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, हेमू अधिकारी पुण्याचे, तर गुल महंमद आणि लेगस्पिनर अमीर इलाही थेट लाहोरचे. होळकरांकडेही चंदू सरवटे यांच्यासारखे मराठी खेळाडू होतेच. गुजरातच्या भूमीवरच्या बडोदा संघाच्या तंबूत मराठी किती कानावर पडत असेल, याची कल्पना बडोदेकरांना सांगायला नको.

हंगामही आजच्यासारखा लांबलचक नव्हता. रणजी स्पर्धा तेव्हा विभागवार आणि बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्ष संपले. पश्चिम विभागात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यासारखे संघ, तेव्हा अंतिम फेरी गाठणे हीच परीक्षा. अशा चार-दोन सामन्यांच्या भरवशावर कुणाचे घर चालणार? म्हणून नोकरी हवी. इंग्लंडच्या लँकशायर लीगमध्येही जवळपास हीच रीत होती. गिरणीकामगार आठवडाभर कामावर, शनिवारी मैदानावर, आणि संघात एकच पगारी खेळाडू. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नेल्सन क्लबकडून असेच खेळले. विनू मंकड हॅस्लिंग्डनकडून आणि हजारे रॉटेनस्टॉलकडून खेळले.

बडोद्याचा संघ मात्र फार काळ एकत्र राहायचा नव्हता. सामन्यानंतर पाच महिन्यांत फाळणी झाली. अमीर इलाही 1947-48 च्या दौऱ्यात सिडनीला भारताकडून एक कसोटी खेळले आणि पुढे पाकिस्तानात गेले. 1952-53 मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला तेव्हा ते पाहुण्यांच्या संघात होते आणि हजारे व गुल महंमद यजमानांच्या! गुल महंमदही नंतर लाहोरला परतले आणि 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. एका तंबूत डबा खाल्लेली माणसे अशी दोन देशांत विभागली गेली. मला या साऱ्या कहाणीत हेच सर्वात जास्त लागते.

1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबारी हुद्दे गेले, तरी संघाची घडी लगेच विस्कटली नाही. 1949-50 मध्ये पुन्हा करंडक आला, आणि 1957-58 मध्ये दत्ता गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आणखी एकदा. पुढे मात्र 43 वर्षे वाट पाहावी लागली. 2000-01 मध्ये जेकब मार्टिनच्या संघाने बडोद्यातच रेल्वेला 21 धावांनी हरवले. त्या विजयात मोठा वाटा श्रीरामपूरच्या झहीर खानचा होता, म्हणजे परगावच्या गुणी पोराला जवळ करण्याची बडोद्याची जुनी सवय टिकून होती. पराभूत संघही नोकरदारांचाच होता. संस्थानांनी सोडलेली जागा पुढे रेल्वे, सेनादल आणि बँकांनी घेतली, आणि देशांतर्गत क्रिकेटमधल्या अनेकांच्या चुली त्यांच्याच पगारावर पेटल्या. आयपीएलच्या झगमगाटात ही गोष्ट नजरेआड होते. लिलावात ज्यांचे नाव पुकारले जात नाही अशा रणजी खेळाडूंसाठी पक्की नोकरी आजही तितकीच गरजेची आहे.

577 चा विक्रमही हळूहळू मागे सरकला. 2006 मध्ये कोलंबोत कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी 624 धावा जोडल्या. 2016 मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी वानखेडेवर दिल्लीविरुद्ध नाबाद 594 धावांची भागीदारी करून भारतीय विक्रम मोडला, आणि 2024 मध्ये गोव्याच्या स्नेहल कवठणकर व कश्यप बखले यांनी नाबाद 606 धावा केल्या. चौथ्या गड्यासाठी मात्र हजारे-गुल महंमद यांचे नाव आजही सर्वात वर आहे.

बडोद्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती आहे. आजोबा किंवा पणजोबा संस्थानच्या नोकरीत असतील, तर यंदाच्या साफसफाईत त्यांचे कागद रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. एखादा संघाचा गटफोटो, नेमणुकीचा हुकूम किंवा धावफलकाचे कात्रण सापडले, तर ओळखता येतील तेवढी नावे मागे लिहून ठेवा आणि शहरातल्या एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा क्रिकेट संघटनेकडे त्याची प्रत जरूर द्या.