स्तनाचा कॅन्सर : पूर्ण स्तन काढावाच लागतो का? जाणून घ्या

रिपोर्ट कॅन्सरचा आला की नांदेड-लातूरकडे घरात पहिला सूर असतो, ‘सगळंच काढून टाका, पुन्हा कटकट नको.’ पण गाठ लवकर सापडली तर बहुतेकदा त्याची गरज नसते. गाठ आणि भोवतीचा थोडा निरोगी भाग काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते. इटली आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या 20 वर्षांच्या नोंदींतून 2002 मध्ये हे समोर आलं.

खरी अडचण रेडिएशनची. आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ही सोय आहे. पण किनवटहून रोज ये-जा कशी करणार? केवळ मुक्कामाची सोय नाही म्हणून स्तन काढायचं ठरत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. कारण स्तन काढल्यावरही काहींना रेडिएशन घ्यावंच लागतं.

स्तन काढावा लागलाच, तर पोटाच्या किंवा पाठीच्या ऊती वापरून, अथवा सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून नवा आकार देता येतो. त्याच ऑपरेशनमध्ये किंवा नंतरही. महात्मा फुले योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन येतं. आकार देण्याचा खर्च त्यात बसतो का, हे तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.