स्टाव्ह चर्च
नॉर्वेतील मध्ययुगीन काष्ठवास्तुकलेचा एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार. ‘स्टाव्ह’ या नॉर्वेजियन शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ उभा खांब असा आहे. ज्या चर्चवास्तूचा भार उभ्या खांबांनी तोललेला असतो व जिच्या भिंती उभ्या फळ्यांच्या असतात, तिला ही संज्ञा लावतात. आडवे ओंडके एकावर एक रचून उभारलेल्या इमारतींहून हा प्रकार मुळातच भिन्न आहे. मध्ययुगात अशी चर्चे हजाराहून अधिक असावीत, असा अंदाज आहे. त्यांपैकी नॉर्वेत २८ शिल्लक आहेत. स्वीडनमधील हेडारेड येथेही अशी एक वास्तू आहे.

मध्ययुगीन नॉर्डिक कलेच्या उच्च अध्ययनात डेन्मार्कमधील भित्तिचित्रे, गॉटलंड बेटावरील दगडी चर्चे, आइसलँडमधील सचित्र हस्तलिखिते इ. अनेक विषय येतात. तथापि वास्तू, कोरीवकाम, चित्रकला आणि रूनिक लेख ही सर्व साधने एकाच ठिकाणी हाताशी येत असल्याने स्टाव्ह चर्चला त्यात विशेष स्थान आहे.

आरंभीच्या चर्चवास्तूंचे खांब सरळ जमिनीत रोवलेले असत. ओलाव्याने त्यांचे बूड कुजून अशी वास्तू अल्पायुषी ठरे. पुढे दगडी पायावर आडव्या तुळयांची चौकट बसवून तिच्यावर खांब उभे करण्याची पद्धत रूढ झाली. लाकडाचा मातीशी संबंध तुटला व त्यामुळेच काही वास्तू आठशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या. चौकटीच्या चार कोपऱ्यांवरील जाड खांबांच्या खाचांत उभ्या फळ्या घट्ट बसवितात. हाल्टडालेनसारख्या साध्या चर्चमध्ये एवढाच सांगाडा असतो. बॉर्गुंड (सु. ११८०) येथे मात्र मध्यवीथीभोवती खांबांची आतली रांग असून तिच्यावर उंच छत तोललेले आहे, खांबांना फुलीच्या आकाराची तिरपी लाकडे व लहान कमानी यांनी एकमेकांशी बांधले आहे. बाहेरून एकावर एक चढत जाणारी उतरती छपरे, त्यांवरील खवल्यांसारख्या लाकडी पट्ट्या आणि आढ्याच्या टोकांवरील ड्रॅगनची मुखे, हे या वास्तूचे सर्वपरिचित रूप होय.

सॉग्न प्रदेशातील उर्नेस येथील चर्च कलेतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ही वास्तू ११३० च्या सुमाराची. परंतु तिच्या उत्तर भिंतीतील दार व काही कोरीव फळ्या त्याहून जुन्या, सु. १०७० च्या आहेत. आधीच्या चर्चमधून त्या काढून नव्या वास्तूत बसविण्यात आल्या. त्यांवर एक सडपातळ चतुष्पाद प्राणी व त्याला वेढणारे नागमोडी सर्प खोलवर कोरलेले आहेत. व्हायकिंग काळातील प्राणी-अलंकरणाच्या या अखेरच्या टप्प्याला ‘उर्नेस शैली’ असेच नाव पडले. स्वीडनच्या उपलांद भागातील रूनिक शिलांवरही ती आढळते. या प्राण्यांचा अर्थ काय, याविषयी मतभेद आहेत. काहींना त्यात सिंहरूपी ख्रिस्ताचा दुष्टशक्तीशी चाललेला झगडा दिसतो, तर काहींना नॉर्स पुराणांतील जगाचा अंत. शिल्पाशी निःसंशय जुळणारा समकालीन लेख नसल्याने कोणताही अर्थ निर्णायक मानता येत नाही. हिलेस्टाड येथील दाराची (सु. १२००) गोष्ट वेगळी आहे. त्यावर सिगुर्ड हा वीर ड्रॅगनला ठार मारतो, हे कथानक स्पष्ट ओळखू येते. ख्रिस्तपूर्व दंतकथा चर्चच्या दारावर का कोरली गेली, हा प्रश्न मात्र तेथेही उरतोच. ते चर्च सतराव्या शतकात पाडले गेले; दार ऑस्लो येथील संग्रहालयात आहे.

१३४९ मधील प्लेगने नॉर्वेतील अनेक वस्त्या ओस पडल्या व त्यांची चर्चे मोडकळीस आली. उरलेल्यांवर खरा घाला एकोणिसाव्या शतकात पडला. लोकसंख्या वाढत होती आणि १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये परिसरातील लोकसंख्येच्या तीन-दशांश लोकांना जागा असणे आवश्यक ठरविले. लहान, अंधाऱ्या जुन्या वास्तू पाडून मोठ्या बांधणे हाच सोपा मार्ग होता. चित्रकार योहान क्रिस्टियान डाल याने १८३७ मध्ये या वास्तूंवरील चित्रसंग्रह प्रसिद्ध करून लोकांचे लक्ष वेधले. वांग येथील चर्च वाचविण्यासाठी त्याने ते १८४१ मध्ये विकत घेतले. प्रशियाच्या राजाच्या साहाय्याने ते सायलीशियात नेऊन उभारले गेले व आज पोलंडमधील कार्पाच येथे आहे. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन स्मारक संरक्षण संस्थेने पुढे बॉर्गुंड (१८७७) व उर्नेस (१८८१) ही चर्चे ताब्यात घेतली.

या रक्षणकार्याने अभ्यासकांपुढे एक अवघड पेच निर्माण केला. बॉर्गुंडचे चर्च त्यातल्या त्यात अबाधित राहिलेले. म्हणून होप्पेरस्टाड, गोल आणि फानटॉफ्ट येथील वास्तूंच्या जीर्णोद्धारात त्याचाच नमुना वापरण्यात आला. परिणामी आज ‘स्टाव्ह चर्चचे खास बाह्यरूप’ म्हणून जे दाखविले जाते, ते बऱ्याच अंशी एकाच वास्तूची पुनरावृत्ती आहे. एखाद्या चर्चच्या छायाचित्रावरून शैलीविषयी विधान करण्यापूर्वी त्यातील कोणते लाकूड मध्ययुगीन व कोणते १८८० नंतरचे, हे ठरविणे अपरिहार्य ठरते. लोरेंट्स डीट्रिक्सन याच्या १८९२ मधील बृहद्ग्रंथापासून सुरू झालेली शैलीनिष्ठ चिकित्सा एकटी येथे पुरेशी पडत नाही.

वृक्षवलयांवरून कालनिर्णय करण्याच्या पद्धतीने या बाबतीत मोठी भर घातली. लाकडाच्या उघड्या छेदाची छायाचित्रे घेऊन वलयांची रुंदी मोजता येत असल्याने वास्तूला भोक पाडावे लागत नाही. बाहेरचे शेवटचे वलय टिकले असल्यास झाड तोडल्याचे वर्षही सांगता येते. अर्थात त्यावरून लाकडाचा काळ कळतो, कोरीवकामाचा नव्हे. जुने लाकूड पुन्हा वापरण्याची प्रथा लक्षात घेता हा भेद महत्त्वाचा आहे. उर्नेस येथे १९५६-५७ मध्ये झालेल्या उत्खननात आधीच्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. पदव्युत्तर अभ्यासकाला म्हणूनच कलेतिहासाबरोबर लॅटिन, प्राचीन नॉर्स, रूनिक लिपी व पुरातत्त्व यांची ओळख करून घ्यावी लागते. आधुनिक नॉर्वेजियन, डॅनिश व स्वीडिश वाचता येणे तर आवश्यकच. बरेचसे मूलभूत लेखन त्याच भाषांत आहे.

उर्नेसचा समावेश १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. बर्गेनजवळील फानटॉफ्टचे चर्च १९९२ मध्ये जाळपोळीत भस्मसात झाले. १९९७ पर्यंत त्याची प्रतिकृती उभी राहिली, पण तिच्यावरून मध्ययुगीन हत्यारांच्या खुणा वाचता येणार नाहीत. २००१ ते २०१५ या काळात नॉर्वेच्या वारसा संचालनालयाने सर्व २८ चर्चांच्या दुरुस्तीची योजना राबविली. पाइन वृक्षापासून काढलेल्या डांबराचा लेप बाहेरच्या लाकडावर वेळोवेळी द्यावा लागतो. तो चुकला, तर ऊन व पाऊस यांमुळे लाकडाचा पृष्ठभाग झिजतो आणि त्यावरील कोरीवकाम नष्ट होऊ लागते.