कोंडाण्याची एक ओळ

संस्कृताचा थोडाबहुत परिचय असला म्हणजे जुने शिलालेख वाचावयास शिकणें अवघड नाहीं, असा आमचा समज होता. तो निम्माच खरा ठरला. गेल्या पावसाळ्यांत पनवेलच्या आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आम्ही ब्राह्मी लिपीची पाटी घेऊन बसूं. शिकवावयास कोणी नव्हतें. पण अक्षरें स्वभावानें गरीब! 'क' म्हणजे बेरजेचें चिन्ह, 'ब' म्हणजे चौकोन, 'न' म्हणजे आडव्या रेघेवर एक उभी रेघ. 'ठ' तर तेव्हांही वाटोळाच होता. माथ्याशीं उजवीकडे बारीक रेघ ओढली कीं आकार, डावीकडे ओढली कीं एकार. महिन्याभरांत घरांतलीं मुलें एकमेकांस ब्राह्मींत चिठ्ठ्या लिहूं लागलीं.

हीच लिपि कित्येक शतकें कोणासही वाचतां येत नव्हती. सांचीच्या कठड्यावरील बहुतेक लहान लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येतात, हें जेम्स प्रिन्सेपनें हेरलें. हे दात्यांचे लेख असावेत असा तर्क करून त्यानें तीं 'दानं' अशीं लावलीं, आणि १८३७ सालीं कोडें सुटलें.

दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब कर्जतमार्गें कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं पाहावयास गेलों. तीं राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची एक ओळ कोरलेली आहे. आम्हीं ऐटींत वाचली : 'कृष्णस्य अंतेवासिना बलकेन कृतं', कृष्णाच्या शिष्यानें, बलकानें केलें. धाकटी पुतणी म्हणाली, "काका, पण तिथें ऋकार कुठें आहे?"

तो नव्हताच. दगडावर 'कन्हस' आहे आणि 'कतं' आहे. लेख प्राकृतांत, आणि प्राकृतांत 'ऋ' नाहीं. आम्हीं डोळ्यांनीं वाचलें नव्हतें, पाठांतरानें वाचलें होतें. वर बलकाची भाषा सुधारून मोकळे झालों होतों! खोड जुनीच. शाकुंतलांत शकुंतला प्राकृत बोलते. आम्ही मात्र जन्मभर तिच्या बोलाखालीं छापलेली संस्कृत छायाच वाचीत आलों. आणि ज्या 'कण्हा'स आम्हीं परका मानलें, तोच तर आमच्या पाळण्यांतला कान्हा.

घरीं परतल्यावर नियम केला : आधीं दिसेल तेवढेंच अक्षर उतरावयाचें, अर्थ मागाहून. त्यामुळें वाचन फार सावकाश चालतें. पुतणी बरीच पुढें गेली आहे. हल्लीं आमची पाटी तीच तपासते.