कोपऱ्याचा गाळा

नगरपरिषदेच्या व्यापारी गाळ्यांचा लिलाव एकदा तरी बसून पाहावा. भिंतीवर नकाशा लावलेला असतो, अनामत भरलेल्यांची नावं वाचली जातात, आणि सरकारी बोली पुकारताच पहिली चढाओढ लागते ती कोपऱ्याच्या गाळ्यासाठी. दोन बाजूंना शटर, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक. मग रस्त्याकडचे गाळे जातात, मग आतल्या बोळातले. वरच्या मजल्याची पाळी आली की लोक उठून चहाला जातात.

आमच्या रिसोडला मॉल नाही, रेल्वेही नाही. पण वाशिम, मालेगाव, लोणार, सेनगाव या रस्त्यांवरची माणसं इथे उतरतात. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे तूर, मग हरभरा. बाजार समितीच्या आवारात मापं होतात, पैसे हातात पडतात आणि त्यातले बरेच लगेच पेठेत येतात: कृषी केंद्राची उधारी, किराणा, लेकरांचे कपडे. म्हणून गावाच्या मध्यावरची जुनी, पडीक झालेली बाजाराची जागा नव्याने बांधणं हा सगळ्या तालुक्याच्या कमाईचा प्रश्न आहे.

काम सुरू झालं की पहिला पैसा गवंडी, सेंट्रिंगवाले, वेल्डर आणि वाळू-गिट्टीच्या ट्रॅक्टरांना मिळतो. तो काम संपेपर्यंतच. खरा लाभ नंतरचा: दरवर्षीचं भाडं आणि मालमत्ता कर. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः देऊ शकते. म्हणजे दर नूतनीकरणाला भाडं बाजारभावाशी जुळवायची संधी असते. ती हुकली की मूळ भाडेकरू जुनंच भाडं भरत राहतो आणि पोटभाडेकरूकडून कितीतरी पट वसूल करतो. गटार आणि दिवाबत्तीसाठी यायचा पैसा असा मधल्यामध्ये जिरतो. अनेक गावांच्या तिजोऱ्या अशाच रिकाम्या राहिल्या, आणि याची मला चीड येते.

दुसरी गळती माणसांची. भाजीवाली, चप्पल शिवणारा, बांगड्यांची हातगाडी यांच्यामुळे त्या जागेवर पाय वळतात, आणि कोपऱ्याच्या गाळ्याची बोली चढते ती त्या वर्दळीमुळे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांचं सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं, नगर पथविक्रेता समितीत त्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या. तरी बांधकामाचे पत्रे लागले की सगळ्यात आधी तेच हलवले जातात. दोन वर्षांत गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीला सरावतं, आणि नवी इमारत उघडते तेव्हा तिच्यासमोर रस्ता मोकळा असतो.

गिऱ्हाईक दुरावण्याचा धोका मोठ्या शहरातही असतो. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये उघडलेला क्रॉसरोड्स हा देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक. सुरुवातीला तिथे आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर तिकीट. पुढे नाव बदललं, मालक बदलले, दुकानं ओस पडली आणि जागा कर्जात गेली. एवढ्या मोक्याच्या जागेवरही हे घडलं.

तेव्हा आमच्याकडे अंदाजपत्रकात पहिली रक्कम धरावी ती तात्पुरत्या शेडची, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. नकाशात तळमजल्याला ओटे, पाणी, खेड्यांतून येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह. आणि वरचा मजला चढ्या बोलीची वाट पाहत कुलपात ठेवण्यापेक्षा अभ्यासिकेला, दवाखान्याला, बचत गटांना कमी भाड्यात द्यावा. जिना चढणारी माणसं खालच्या दुकानांतही थांबतात.