सदाफुलीसमोर सागरी स्पंज

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात घरापुढच्या अंगणात सदाफुली हमखास दिसते. तिच्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली. व्हिनोरेल्बिन त्याच कुळातले, थोडा बदल करून घडवलेले. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरला की ते अनेकींना सलाइनवाटे देतात.

2006 ते 2008 या काळात एका चाचणीत त्याची गाठ एका नव्या औषधाशी पडली. एरिब्युलिन. त्याचे मूळ जपानच्या समुद्रातल्या काळ्या स्पंजात. जपानी शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये त्यातला ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ हा रेणू ओळखला, पण स्पंजात तो नावापुरताच. हार्वर्डच्या योशितो किशी यांनी 1992 मध्ये तो प्रयोगशाळेत जोडून दाखवला, तेव्हा कुठे औषधाची वाट मोकळी झाली.

‘एम्ब्रेस’ नावाच्या या चाचणीत 19 देशांतल्या 762 महिला होत्या. प्रत्येकीच्या दोन ते पाच केमोथेरपी आधीच झालेल्या. अशा बाईसाठी ठरलेले एकच औषध नव्हते. मग तुलना कशाशी करायची? तिला नुसते पाणी टोचणे अमानुष ठरले असते. म्हणून डॉक्टरांनी प्रत्येकीसाठी आपल्या मते योग्य तो उपचार आधी लिहून ठेवला आणि त्यानंतरच संगणकाने चिठ्ठी काढली. दोन तृतीयांश महिलांना एरिब्युलिन मिळाले, उरलेल्यांना डॉक्टरांनी निवडलेला उपचार. या दुसऱ्या गटातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या वाट्याला सदाफुलीच्या कुळातले व्हिनोरेल्बिन आले.

एरिब्युलिनच्या गटातल्या निम्म्या महिला 13.1 महिन्यांहून अधिक जगल्या. दुसऱ्या गटात हाच आकडा 10.6 होता. फरक अडीच महिन्यांचा. एखाद्या घरात तेवढ्यात मुलीचे लग्न उरकते, नातवाचे बारसे होते. त्याला कुणी क्षुल्लक म्हणू नये. पण किंमतही सांगायलाच हवी: हातापायांना बधिरपणा आला, पांढऱ्या पेशी घटल्या.

पुढे 2022 मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाच्या 557 रुग्णांवरील चाचणीत, हर-2 हे प्रथिन कमी असलेल्यांत, हेच आयुष्यमान 16.8 वरून 23.4 महिन्यांवर गेले. त्यातही सुमारे 12 टक्के रुग्णांच्या फुप्फुसांना दाह झाला आणि काही जण त्याने दगावले.

हे सगळे पेडण्यातल्याच धारगळला जवळचे आहे. तिथल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, आणि 2025 मध्ये टाटा मेमोरियल केंद्राच्या साथीने तिथे कर्करोगासाठी एकात्मिक उपचार व संशोधन सुरू झाले. केमो चालू असताना काढा घ्यावा का, हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर अशाच चिठ्ठीने, अशाच मोजमापाने मिळायला हवे. सदाफुली आणि स्पंज दोघांनाही त्यातून जावे लागले. काढ्याला वेगळी सवलत कशासाठी? तोवर, घरात काही घेत असल्यास ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. वनस्पतींचे काही घटक केमोच्या औषधाची शरीरातली मात्रा बदलू शकतात.

चाचणीत जाणाऱ्या बाईला तिच्या भाषेत, मराठीत किंवा कोकणीत, सगळे समजावून सांगणे बंधनकारक आहे. कधीही बाहेर पडण्याचा हक्क तिला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद भारतातल्या औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत आहे. 15 जून 2009 पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ती कुणालाही फुकट पाहता येते. चाचणी कोणत्या केंद्रात चालू आहे आणि चौकशी कुणाकडे करायची, हे तिथे दिलेले असते.