गारगोटीचा गर्भ, मेदाचे कवच

मराठीच्या मास्तराने औषधशास्त्रात नाक खुपसावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण २०२१ साली ‘लिपोसोमल’ हा शब्द आमच्या युसूफ वडगावातही येऊन पोचला, आणि शब्दाचे मूळ शोधणे हा तर माझा धंदाच आहे!

त्या उन्हाळ्यात करोनामागून काळी बुरशी आली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणसे अंबाजोगाई, लातूर, पुण्यापर्यंत दुकाने पालथी घालीत होती. औषधाचे नाव अँफोटेरिसिन-बी. पण हवे असे ते ‘लिपोसोमल’च. असे का? हे औषध बुरशीच्या पेशीचे पटल पोखरते खरे, परंतु रोग्याच्या मूत्रपिंडांनाही इजा करते. तेच मेदाच्या सूक्ष्म गोळीत बसवून दिले, की ही इजा पुष्कळ कमी होते. ग्रीक भाषेत ‘लिपोस’ म्हणजे मेद, ‘सोमा’ म्हणजे काया. आपण तिला मेदकाय म्हणू.

इंग्लंडात ॲलेक बँगहॅम यांना १९६०च्या दशकात असे आढळले, की काही मेदरेणू पाण्यात आपोआप अशा गोळ्या बनवितात. रेणूचे डोके पाण्याला धरून, शेपूट पाण्याला भिऊन! मग शेपटाला शेपूट लावून ते दुहेरी भिंत उभारतात. या गोळ्या किती लहान? औषधाच्या दहा हजार गोळ्या ओळीने मांडल्या, तरी मिलिमीटरभर जागा पुरे.

पण गोळी पडली मऊ. माल गळायची भीती. म्हणून अमेरिकेत जेफ्री ब्रिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आत सिलिकाचा सच्छिद्र कण घातला. सिलिका म्हणजे आमच्या रानात नांगराला लागणाऱ्या गारगोटीचेच द्रव्य. छिद्रांत औषध मुरवायचे आणि कण मेदकायांत मिसळायचे. त्या कणाला चिकटून फुटतात व त्याचे पांघरूण होतात. दिवाळीतली करंजीच म्हणा ना! पारी फाटली तर सारण तळणीत जाते, हे गृहिणींना सांगायला नको. २०११ साली या मंडळींनी प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींपर्यंत अशी औषधे पोचवून दाखविली. रोग्यापर्यंत यायला मात्र अजून अवकाश आहे.

आणि आल्यावर ती परवडतील काय? २०२१ साली साधी कुपी काही शे रुपयांना होती, तर लिपोसोमल काही हजारांना. आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहाएक कुप्या लागत. गारगोटी आमच्या बांधावर फुकट पडली आहे. महाग आहे ती तिला पांघरूण घालण्याची विद्या. ती आमच्या मुलांनी शिकावी, एवढ्यासाठीच मास्तराने हे नाक खुपसले.